मारकुटे डॉक्टर

मानाजीराव डॉक्टरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका जटकेवाल्याच्या कानाखाली जाळ काढत होते.

मी बेळगावहून नुकतीच बंगळूरला आले होते. राज्याला अजून म्हैसूरच म्हणायचे तेव्हा. शिवाजीनगरातल्या एका प्राथमिक शाळेत मला नोकरी लागली होती आणि राहायला डॉक्टरांच्या दवाखान्यावरची खोली मिळाली होती. ट्रंक जिन्यात ठेवून मी दार ठोठावायला गेले, तर आत एक लहान मुलगी रडत होती. बापानं पिरगाळून तिचा हात मोडला होता. डॉक्टरांनी हात बसवला, पट्ट्या बांधल्या, कोटाच्या खिशातून मूठभर भाजक्या शेंगा काढून तिच्या परकरात टाकल्या आणि तिला आईबरोबर बाहेर पाठवलं. मग मोरीपाशी जाऊन साबणानं हात धुतले. टॉवेलनं एकेक बोट पुसलं आणि बापाला म्हणाले, "स्वल्प पुढं ये."

तो पुढं आला आणि बाटल्यांच्या कपाटावर जाऊन आदळला. मला वाटतं, घोडा हाकणाऱ्या त्या माणसाला असा तडाखा घोड्यानंही दिला नसेल. ओठ फाटला, सदऱ्यावर रक्त आलं.

"दुखतं?" डॉक्टरांनी विचारलं.

त्यानं मान हलवली.

"सरी, ठीक आहे. म्हणजे तुला पण दुखतं. मला वाटलं, तुमच्या घरात एकट्या पोरीलाच दुखतं." असं म्हणून त्यांनी त्याच्या ओठाला आयोडीन लावलं.

मला हा माणूस मुळीच आवडला नाही, हे सांगून टाकते. डॉक्टरनं हात उचलायचा, हे काय शिक्षण? पण खोलीचं भाडं दिलेलं होतं आणि दुसरी खोली कुठं मिळणार होती? सकाळी शेजारणीनं विचारलं, "होडेयो डॉक्टरांच्या वर राहता?" कन्नडमध्ये होडेयो म्हणजे मारणारा. ते नाव त्यांना सगळ्या बाजारानं दिलं होतं. पोराबाळांना आणि बायकांना त्यांनी कधी बोट लावलं नाही. आजारी माणसालाही नाही. बायकोला बडवणारा एकजण तापानं फणफणून आला तेव्हा त्यांनी त्याला औषध दिलं आणि म्हणाले, "ताप उतरला की ये. तुझं बाकी आहे." पुढं कितीतरी दिवस त्या गृहस्थाचा ताप काही उतरेना.

डॉक्टर बसत नसत. ही त्यांची दुसरी ख्याती. दवाखान्यात रोग्यांना बाक होतं, तपासायला टेबल होतं, डॉक्टरांसाठी खुर्चीच नव्हती. उंच, काटकुळे, खादीचा कोट, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सारख्या येरझाऱ्या. शेंगा सोलत नाडी बघायचे. संध्याकाळी जमिनीवर टरफलांचा थर असायचा. जेवायलाही उभेच. त्यांची थोरली बहीण चंद्रक्का ताट घेऊन त्यांच्या मागं फिरायची आणि म्हणायची, "जेवतोयस की गस्त घालतोयस रे?" यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडं आलेलं. "आमचे पूर्वज घोड्यावरून आले, टीचरबाई," डॉक्टर मला म्हणायचे, "आणि आता उतरा, असं सांगायचं कुणाला सुचलंच नाही."

चंद्रक्कानं मला निराळंच सांगितलं. लहानपणी वडील डॉक्टरांना उखळाला बांधून ठेवायचे. ते उखळ ओढत अंगणात यायचे. आई म्हणायची कृष्ण आहे, वडील म्हणायचे राक्षस आहे, आणि चाबूक वडिलांच्या हातात होता. "पाठ बघितलीस का त्याची?" चंद्रक्का म्हणाली. मी कशाला बघायला जाते! पण त्या दिवसापासून माझा त्यांच्यावरचा राग थोडा निवळला, हेही खरं.

शाळेमागच्या गल्लीत शिंप्यांची घरं होती. दंडूतल्या, म्हणजे छावणीतल्या, दुकानांसाठी गणवेश आणि बँडवाल्यांचे कोट शिवायची ही माणसं. पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेली, अर्धं कन्नड मिसळून मराठी बोलणारी. त्यांच्यात माणसाची किंमत बैठकीवर ठरायची. 'त्याची बैठक चांगली' म्हटलं की मुलगी द्यायला हरकत नाही. मुलगा जरा मोठा झाला की दसऱ्याला त्याला सुईला बसवायचे. कपाळाला कुंकू, अंगात नवा सदरा, भोवती सगळे नातेवाईक, आणि मुलानं गादीवर मांडी घालून काजांची एक अख्खी ओळ न उठता पुरी करायची. मग पेढे वाटायचे.

केशवराव शिंप्याचा नामू दुसऱ्याच काजाला उठला. बाहेरून बँड चालला होता. नामू सुईदोऱ्यासकट बँडमागं गेला तो अलसूरच्या तळ्यापाशी सापडला. पेढे तसेच राहिले.

हा नामू माझ्या वर्गात होता. प्रश्न विचारायचा आणि उत्तर यायच्या आत खिडकीतून बाहेर असायचा. बाकावर त्याचे गुडघे, बाकाखाली त्याचं डोकं. दुष्टपणा नव्हता त्याच्यात. दुसऱ्याचं पोर पडलं तर सगळ्यांत आधी धावायचा हाच. पण केशवरावाला ते काय सांगायचं? भावकीत त्याची मान खाली गेली होती. त्यानं पोराला मशीनच्या पायाला बांधलं, उपाशी ठेवलं, गरम इस्त्री पायाजवळ नेली. आणि एका दुपारी त्यानं जे केलं ते शिंप्यालाच सुचू शकतं. नामूला गादीवर बसवून त्यानं त्याची चड्डी दोन्ही बाजूंनी गादीला शिवून टाकली. सुई तिथंच टोचून ठेवली आणि म्हणाला, "काजं पुरी कर, मग उसवतो. सुम्ने बस!" सुम्ने म्हणजे गुपचूप. त्या घरात हा शब्द दिवसभर ऐकू यायचा.

नामू उठला. चड्डी टरकन फाटली, गादी ओढली गेली, गादीला टेकलेलं मशीन आडवं झालं आणि ती जाड सुई त्याच्या मांडीत घुसून मोडली. त्यावर केशवरावानं कापड मोजायचा लाकडी गज उचलला आणि पोराच्या खांद्याचं हाड मोडलं.

आई पोराला उचलून दवाखान्यात आली, मागून केशवराव. मी तेव्हा पाणी भरायला खाली आले होते आणि घागर हातात धरून तशीच उभी राहिले. डॉक्टरांनी मांडी चिरून सुईचा तुकडा काढला. नामू किंचाळला, आणि तो श्वास सरतो न सरतो तोच म्हणाला, "डॉक्टरअण्णा, त्या बाटलीत निळं काय आहे?" डॉक्टरांनी त्याला ते सांगितलं. मग खांदा बांधला. मग हात धुतले. बोटं पुसली.

केशवराव आपण होऊन पुढं आला. पहिल्या थपडेला त्याची टोपी उडाली, दुसरीला तो गुडघ्यावर आला. डॉक्टरांनी विचारलं, "दुखतं?"

"दुखतं की," केशवराव खालूनच म्हणाला. "रोज मारा मला, डॉक्टरअण्णा. रोज येतो मार खायला. पण ह्याला बसवा. न बसणाऱ्या शिंप्याला कोण काम देईल? मी मेल्यावर हा खाईल काय?"

आजवर कुणी डॉक्टरांना उलटून काही विचारलं नव्हतं. ते येरझाऱ्या घालू लागले. शेंग काढली, न सोलता परत खिशात टाकली. मग केशवरावासमोर उभे राहून म्हणाले, "हा रोग आहे. मेंदूच्या नसांचा. पोराचा काही दोष नाही."

मी आयुष्यात बरेच चेहरे पाहिले, पण त्या शिंप्याचा चेहरा विसरले नाही. पोर वाया गेलेलं नाही, पोर आजारी आहे! तो तिथंच बसून रडला. डॉक्टरांनी फिट्‌स येणाऱ्यांना देतात ती पांढरी गोळी दिली. सकाळी अर्धी, तीही फक्त शाळेच्या दिवशी.

मी मागाहून विचारलं, "खरंच रोग आहे का हो हा?"

"परदेशात आता म्हणतात तसं. मासिकात वाचतो मी." ते थांबले, म्हणजे चालायचे थांबले. "खरं सांगू, टीचरबाई? मला माहीत नाही. पण वाह्यात पोराला मारतात, आजारी पोराला मारत नाहीत. रोग म्हटलं की हात खाली येतो. ती गोळी मी पोराला नाही दिली. बापाच्या हाताला दिली."

मला ते पटलं. अगदी मनापासून पटलं. नामू वर्गात बसू लागला, पाढे लिहू लागला, आणि घरातला आरडाओरडा थांबला. गल्लीनं त्या गोळीला नाव दिलं, सुम्ने गोळी. मग आया येऊ लागल्या. ह्याला द्या, त्याला द्या, आमचा तर झोपेतसुद्धा लाथा मारतो. डॉक्टर सगळ्यांना हाकलून द्यायचे. शेवटी आमचे हेडमास्तर स्वतः आले. चांगले गृहस्थ, पांढरा फेटा, हळू बोलणं. त्यांच्याकडे अशा चार-पाच मुलांची नावं होती.

"मास्तर, तुमच्या शाळेला धावायला जागा नाही," डॉक्टर म्हणाले. "गोळी कुणाला देऊ? मैदानाला?"

"मैदान मी कुठून आणू?" हेडमास्तर म्हणाले. "एका खोलीत दोन वर्ग बसतात. केशवरावाच्या मुलाला रोग, आणि ह्यांना खोडी? घरी ही मुलंही मार खातात. हे ठरवायचं कुणी, डॉक्टर? तुम्ही?"

डॉक्टरांनी टेबलावर अशी थाप मारली की वरची काच फुटली आणि त्यांचा तळवा कापला गेला. हेडमास्तरांनी आपला रुमाल काढून त्यांच्या हाताला बांधला आणि नमस्कार करून गेले.

पुढच्या दसऱ्याच्या आधी नामू शाळेत येईनासा झाला. शिंप्यांच्या घाईचे दिवस, म्हणून आधी मी लक्ष दिलं नाही. मग एका सकाळी त्यांच्या घरी गेले. केशवराव उंबऱ्यापर्यंत सामोरा आला.

"या टीचर, या. बैठक बघा आमच्या नामूची!"

नामू गादीवर मांडी घालून काजं करत होता. सुरेख काजं, एकसारखी. डोळे अर्धे मिटलेले, तोंडातून लाळ गळून सदऱ्याचा गळा ओला झालेला. मी हाक मारली. त्यानं मान वर करायलाच फार वेळ लावला. मग मला त्याचा डावा हात दिसला. काजाबरोबर त्यानं स्वतःच्या बोटाचं कातडंही शिवलं होतं. दोरा बोटातून कोटात गेलेला, कोटावर रक्ताचा डाग, आणि तो पुढचा टाका घालत होता.

"गोळ्या किती देता?" मी ओरडले.

"अर्धीनं स्वल्प बसतो," केशवराव कौतुकानं म्हणाला. "तिनांनी शिंप्यासारखा बसतो. मेडिकल दुकानवाला देतो की. आणि हात लावला नाही हो मी त्याला! त्या दिवसापासून एक चापट नाही. विचारा त्याच्या आईला."

ते खरं होतं. तो खोटं बोलत नव्हता, तेच भयंकर होतं.

मी धावत दवाखान्यात गेले. डॉक्टर रोगी तसाच टेबलावर सोडून निघाले. त्यांच्या खिशातून शेंगा सांडत होत्या आणि त्या ते तुडवत होते. शिंप्याच्या घरी त्यांनी कात्रीनं दोरा कापला, बोटातून ओढून काढला, नामूला ते कळलंही नाही. बोट बांधलं. नामूला त्याच्या आईच्या मांडीवर दिलं. मग म्हणाले, "पाणी द्या."

हात धुतले. बोटं पुसली. सगळी गल्ली दारात जमली होती आणि एकालाही आत यायचा धीर नव्हता.

कोपऱ्यातला गज उचलून त्यांनी केशवरावाला मारायला सुरुवात केली. खांद्यावर, पाठीवर, मांड्यांवर. कपडे घालून बघायचा आरसा फुटला, त्याच्या काचांवरून केशवराव सरपटला, तळहात रक्तानं भरले. "पण बसतो ना!" तो ओरडत होता. "बसतो ना तो! तुम्हीच सांगितलंत रोग आहे!" त्या शब्दांनी डॉक्टर थांबले. गज मधोमध तडकला होता. त्यांनी गुडघ्यावर तो मोडला, जाड तुकडा डाव्या हातात घेतला आणि उजवा हात शिलाई मशीनच्या फळीवर ठेवला.

आम्हाला कळेपर्यंत त्यांनी स्वतःच्या मनगटावर दोन फटके हाणले होते. दुसऱ्या फटक्याला हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. एक मार त्याचा, एक माझा, असं काही ते बोलले नाहीत. मोडलेला हात छातीशी धरून त्यांनी डाव्या हातानं नामूला खांद्यावर टाकलं आणि दवाखान्यामागच्या आपल्या घरी नेलं. आई चपला न घालता मागून गेली. केशवराव काचांत बसून राहिला. पोलीस चौकीत जायला भावकीनं त्याला परोपरीनं सांगितलं. तो गेला नाही.

गोळी एकदम बंद करता येत नाही, ती हळूहळू उतरवावी लागते. ते दिवस मी वरच्या खोलीतून ऐकले. नामू थरथरायचा, ओकायचा, भिंतीवर डोकं आपटायचा. डॉक्टरांच्या चांगल्या हाताला त्यानं असा चावा घेतला की रक्त आलं. चंद्रक्का त्याला कवटाळून बसायची आणि डॉक्टर दोघांभोवती फिरत राहायचे. मग एका सकाळी खालून धडधड आवाज आला. नामू जिना चढत-उतरत होता. चढत-उतरत होता आणि मोठ्यानं काहीतरी विचारत होता. मी दार लावून घेतलं आणि रडून घेतलं.

डॉक्टरांनी पुन्हा कुठल्या पोराला ती गोळी दिली नाही. घरोघरी रोगी बघायला जाताना ते नामूला बरोबर न्यायचे, पार अलसूरपर्यंत चालत. पुढं केशवरावानं पोराला सुईला बसवायचा नाद सोडला आणि नामू मोठा होऊन बस कंडक्टर झाला. शिवाजीनगर-होसकोटे. दिवसभर उभं राहायची नोकरी. "पगार देतात वर!" असं तो मला हसत सांगायचा.

एकोणीसशे साठ साल उलटून बरीच वर्षं झाली तेव्हा चंद्रक्का गेली आणि डॉक्टर विसरायला लागले. माणसं विसरले, औषधं विसरले, हात मात्र विसरला नाही. बसस्टँडवर एक माणूस मुलाला कान धरून ओढत होता. मूल बसच्या चाकाखाली जात होतं म्हणून ओढत होता. डॉक्टरांनी त्याच्या कानाखाली वाजवली. आता शिवाजीनगरात चहूकडून आलेली नवी माणसं होती, होडेयो डॉक्टर कुणाला ठाऊक? लोकांनी म्हाताऱ्याला खाली पाडून लाथांनी तुडवलं. नामूची बस नुकतीच लागली होती. तो गर्दीत घुसला आणि डॉक्टरांच्या अंगावर आडवा पडला. उरलेल्या लाथा त्यानं खाल्ल्या.

दवाखाना तेव्हा त्यांचा पुतण्या श्रीपती चालवायचा. तोही डॉक्टर, सरळ मुलगा. त्यानं दवाखान्यात पहिल्यांदा खुर्ची आणली होती. दुसरी आणली ती काकांसाठी, वेताची, हातांची. गोळ्या सुरू केल्या. गोळीचा अंमल उतरला की ते उठून पडू नयेत म्हणून उपरण्यानं कमरेला सैलसर गाठ. मी शाळेतून आले की ते ओसरीवर बसलेले दिसायचे. बसलेले! लाळ गळून कोटाची कॉलर ओली झालेली असायची, आणि मला नामूच्या सदऱ्याचा तो ओला गळा आठवायचा.

एका संध्याकाळी नामू खाकी गणवेशातच आला. डोक्याची पट्टी अजून निघाली नव्हती. त्यानं ते उपरणं पाहिलं. त्याच्या मुठी वळल्या तशी मी जिन्यात थांबले. वाटलं, आता श्रीपतीची धडगत नाही.

"सोड त्यांना," नामू म्हणाला.

"सोडतो," श्रीपती म्हणाला. "आणि उद्या बाहेर जाऊन त्यांनी कुणावर हात टाकला तर? दर वेळी तू असशील का? वयाचा रोग आहे हा, नामू. मारण्यापेक्षा गोळी बरी की नाही?"

नामू डोकं धरून ओसरीवर येरझाऱ्या घालू लागला. हेच वाक्य त्याच्या आयुष्यावरून गेलं होतं, हे श्रीपतीला बिचाऱ्याला काय माहीत? पण ते वाक्य खोटंही नव्हतं. ते नामूच्या डोक्याच्या पट्टीवरच लिहिलेलं होतं. बराच वेळ त्याच्या बुटांचा आवाज होत राहिला.

"गोळी अर्धी कर," तो शेवटी म्हणाला. "राहिलेली अर्धी मी चालवतो."

"म्हणजे?"

"ड्यूटी सुटली की येतो. रोज. चालवून आणतो त्यांना."

त्यानं गाठ सोडली, डॉक्टरांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं. आधी पाय नुसतेच फरफटले. मग, गल्लीत उतरल्यावर, एक पाऊल पडलं, दुसरं पडलं. नामूनं खिशातून शेंगांची पुडी काढली, एक सोलून त्यांच्या तोंडात घातली.

त्यानंतर मी त्यांना असं रोजच पाहिलं, काही महिने, ते जाईपर्यंत. पण माझ्या डोळ्यांसमोर राहिलेत ते त्या पहिल्या संध्याकाळचे. गल्लीच्या मध्यावर डॉक्टर थांबले. नामूच्या खाकी कपड्यांकडे, डोक्याच्या पट्टीकडे पाहत राहिले. हे डोकं कुणीतरी फोडलंय एवढं त्यांना कळलं असावं, कोण मारणारा आणि कोण मार खाणारा हे काही उमगत नसावं. त्यांचा उजवा हात, मनगटात वाकडा जुळलेला, वर आला. छातीपर्यंत आला आणि तिथंच अडकला. त्यापुढं उचलायची ताकद नव्हती.

नामूनं गुडघे वाकवले, मान खाली घेतली आणि आपला गाल त्या हाताशी नेला.

थप्पड बसली. लहान मुलाला थोपटतात तेवढीच.

"दुखतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुखतं की, अण्णा," नामू म्हणाला. "चला."